शियाझी, गेशी, हाजी: पूर्व आशियातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचांगाचं गणित हा माझा हौसेचा विषय. चिनी कालगणनेवर कुठे चार शब्द बोललो, की नंतर चहाच्या वेळी तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकदाचे लिहून ठेवले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही.

शियाझी म्हणजे काय?

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आपल्याकडचा दक्षिणायनारंभ. चिनी भाषेत शियाझी, जपानीत गेशी, कोरियनमध्ये हाजी, व्हिएतनामीत हा ची. लिहायची अक्षरं मुळात तीच दोन चिनी, उच्चार ज्याचे त्याचे. (कोरियन 'हाजी'चा हजयात्रेशी संबंध नाही. हेही दोनदा विचारून झालं आहे.)

गणिताच्या भाषेत, सूर्याचे सायन भोगांश (मार्चमधल्या समान दिवस-रात्रीच्या बिंदूपासून अंशांत मोजलेलं सूर्याचं स्थान) 90 भरतात तो क्षण म्हणजे शियाझी. तो क्षण ज्या तारखेला येतो तो दिवसही शियाझी, आणि तिथून पुढचे जवळजवळ 16 दिवसही शियाझीच. आपण 'मृग लागला' म्हणतो आणि 'मृगात पेरलं' असंही म्हणतो, तसंच हे.

'शिया' म्हणजे उन्हाळा आणि 'झी' म्हणजे येणं. मग ही उन्हाळ्याची सुरुवात का नाही?

'झी'चा एक अर्थ 'येऊन पोचणं' असा आहे, घोटाळा तिथेच होतो. इथे तो 'टोक गाठणं' या अर्थी आहे. चिनी हिशेबात उन्हाळा 5 मेच्या सुमारास बसतो आणि 7 ऑगस्टच्या आसपास उठतो, म्हणजे शियाझी पडते बरोबर मधोमध. युरोप-अमेरिकेतली कॅलेंडरं त्याच दिवशी उन्हाळा 'सुरू' झाला म्हणून छापतात. आणि आपण तोवर छत्र्या काढलेल्या असतात.

चिनी पंचांग चांद्र असतं ना? मग त्यात सूर्याचा दिवस कुठून आला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच. चिनी पंचांग चांद्र नाही, आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येपासून मोजतात, सण तिथीवर ठरतात, पण खुंटा सूर्याचाच.

शेतकऱ्याला तिथीचा उपयोग नाही. पौर्णिमा यंदा 11 तारखेला तर पुढच्या वर्षी 30 तारखेला. भात काही चंद्र बघून पोसवत नाही. म्हणून चिन्यांनी सूर्याच्या वार्षिक वाटेचे 24 समान तुकडे केले, प्रत्येकी 15 अंशांचे, आणि प्रत्येकाला नाव दिलं: पावसाचं पाणी, किड्यांची जाग, धान्याचा पाऊस, कणसात दाणा, छोटा उकाडा, मोठा उकाडा, पांढरं दव, मोठी थंडी. वसंतारंभापासून मोजलं तर शियाझी दहावी. या 24 टप्प्यांची व्यवस्था इ. स. पू. 104 च्या पंचांग-सुधारणेत अधिकृतपणे बसवली गेली. 2016 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर एका वाक्याचं काम आहे: ही त्यांची पावसाची नक्षत्रं. आपल्या आजोबांनी गणपती-दिवाळी तिथीवर केली, पण पेरणी कधी तिथीवर केली नाही. ती मृगावर. मृग साधारण 7 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, पुनर्वसू 5-6 जुलैला, दर वर्षी त्याच तारखांच्या आगेमागे. कारण ही नक्षत्रं चंद्राची नाहीत, सूर्य ज्या नक्षत्रात जातो ती आहेत. आपण सूर्याच्या वाटेचे 27 तुकडे केले, त्यांनी 24. आपला तुकडा साडेतेरा दिवसांचा, त्यांचा सव्वापंधरा. कोल्हा, बेडूक, हत्ती, म्हैस ही वाहनं मात्र खास आपली. चिनी पंचांगात पावसाला वाहन नाही.

तारीख नेहमी 21 जूनच का?

बहुतेकदा 21, कधी 20 किंवा 22. क्षण सगळ्या जगासाठी एकच असतो, तारीख तुम्ही कुठे उभे आहात यावर. 2024 मध्ये तो क्षण बीजिंगमध्ये 21 जूनच्या पहाटे 4:51 ला आला, पुण्यात रात्री 2:21 ला, आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी आदल्या दिवशी, 20 जूनला दुपारी 4:51 ला. 2026 मध्ये तो 21 जूनला भारतीय वेळेप्रमाणे दुपारी 1:54 ला आहे.

24 समान तुकडे, तर मग प्रत्येक तुकडा सारख्याच दिवसांचा हवा. शियाझी 16 दिवसांची कशी?

चांगला प्रश्न, आणि तो विचारणारा सहसा इंजिनिअर निघतो. तुकडे अंशांचे समान आहेत, दिवसांचे नाहीत. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि तिची चाल मंदावलेली असते, म्हणून 15 अंश जायला जास्त दिवस लागतात. जानेवारीत उलट.

पूर्वी असं नव्हतं. वर्षाचे दिवस 24 ने भागून सरळ समान पंधरवडे धरत. सूर्याची चाल असमान आहे हे चिनी ज्योतिर्विदांना सहाव्या शतकापासून ठाऊक होतं, ग्रहणाच्या गणितात ते ती वापरतही होते, पण पंचांगात जुनाच हिशेब चालू राहिला. खरी सूर्यस्थिती पंचांगात आली ती थेट 1645 मध्ये, चिंग राजवटीत, ॲडम शाल या जेझुइट पाद्र्याने केलेल्या सुधारणेनंतर.

त्यांच्याकडेही अधिक मास असतो का? आपल्याच वेळी येतो का?

असतो, आणि नियम ऐकला तर आपलाच वाटेल. 24 टप्प्यांपैकी एकाआड एक असे 12 'मधले' टप्पे, आणि शियाझी त्यांतली एक. ज्या चांद्र महिन्यात शियाझी येते तो पाचवा महिना. ज्या महिन्यात एकही मधला टप्पा येत नाही, तो अधिक. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात संक्रांती नाही तो अधिक. 'मधला टप्पा'च्या जागी 'संक्रांती' घाला, संपलं.

वेळ मात्र जुळेलच असं नाही, कारण त्यांच्या आणि आपल्या टप्प्यांत चोवीसेक दिवसांचं अंतर आहे (ते का, हे पुढे येईल). 2020 चं उदाहरण मला फार आवडतं. त्या वर्षी चीनमध्ये चौथा महिना अधिक होता, 23 मे ते 20 जून. 21 जूनला पहाटे 5:44 ला शियाझी, आणि त्याच दिवशी दुपारी अमावास्या. म्हणजे शियाझी काही तास आधी आली असती तर 20 तारखेला पडली असती, आणि तो महिना अधिक ठरलाच नसता. शिवाय त्याच अमावास्येला कंकणाकृती सूर्यग्रहण होतं! कुरुक्षेत्रात कंकण दिसलं, तैवानच्या च्याईतही, महाराष्ट्रात खंडग्रास. आपला अधिक आश्विन त्या वर्षी सप्टेंबरात आला.

हा दिवस जुन्या काळी मोजला कसा?

काठीने. खरोखर, जमिनीत उभी केलेली एक काठी, म्हणजे शंकू, आणि तिची भर दुपारची सावली. सावली सगळ्यात आखूड तो शियाझीचा दिवस, सगळ्यात लांब तो हिवाळी अयनदिन.

चिनी शंकू आठ छी उंचीचा ठरलेला होता. छी म्हणजे त्यांचा फूट, दहा त्सुनचा. 'झोउ राजवटीचे विधी' या जुन्या ग्रंथात असं आहे की ज्या जागी शियाझीच्या दुपारी सावली एक छी पाच त्सुन भरते, ती जागा पृथ्वीचा मध्य. परंपरेने ही जागा मानली जाते हेनान प्रांतातल्या डंगफंगजवळचं गाओछंग. डंगफंग म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या असतील तर, शाओलिन मठ आहे ना, तेच गाव.

आता हिशेब करून बघू. आठाला दीड हे प्रमाण म्हणजे साधारण साडेदहा अंशांचा कोन. त्या काळी सूर्य उत्तरेला जास्तीत जास्त पावणेचोवीस अंशांपर्यंत जायचा. दोन्हींची बेरीज चौतीस अंशांच्या थोडी वर. गाओछंगचे अक्षांश 34.4. पृथ्वीचा मध्य वगैरे सोडून द्या, पण मोजणाऱ्याने काठी सरळ उभी केली होती एवढं नक्की.

गाओछंगमध्ये इ. स. 723 मध्ये नानगोंग युए या अधिकाऱ्याने उभारलेला दगडी शंकू आजही आहे. चौथऱ्याची बैठक अशी काढली आहे की शियाझीच्या दुपारी खांबाची सावली चौथऱ्याच्या माथ्यावरच संपते, जमिनीवर उतरत नाही. लोक त्याला 'बिनसावलीचा चौथरा' म्हणतात. शेजारीच ग्वो शौजिंगची तेराव्या शतकातली वेधशाळा आहे. त्याने शंकूच पाचपट केला, 40 छी, आणि सावली मोजायला जमिनीवर 31 मीटर लांबीची दगडी पट्टी घातली. तिच्यात पाण्याच्या दोन अरुंद नाल्या कोरल्या आहेत, पट्टी समतल आहे की नाही हे पाण्याने कळावं म्हणून. गवंडी ओळंबा आणि पाण्याची नळी वापरतो तीच अक्कल, फक्त साम्राज्याच्या खर्चाने. उंच शंकूच्या सावलीची कड पुसट होते, म्हणून त्याने बारीक भोकाचा तांब्याचा पत्रा वापरून सूर्याची प्रतिमा पट्टीवर पाडली. त्याच्या 1281 च्या पंचांगात वर्षाची लांबी 365.2425 दिवस आहे. पोप ग्रेगरीच्या कॅलेंडरात हाच आकडा 1582 मध्ये आला.

यात भारताचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जरा भांडणाचा आहे. आठव्या शतकात थांग राजवटीच्या राजधानीत, छांगआनमध्ये, भारतीय वंशाचं गौतम घराणं पिढ्यान् पिढ्या ज्योतिर्विद म्हणून नोकरीला होतं. त्यातल्या गौतम सिद्ध यांनी 718 मध्ये भारतीय गणितपद्धती चिनीत आणली. तिचं चिनी नाव सरळ 'नवग्रह पंचांग' असं आहे.

पुढे यी शिंग या बौद्ध भिक्षूच्या आखणीतून 724 च्या सुमारास देशभर शंकू उभे करून सावल्या मोजल्या गेल्या, उत्तरेच्या गवताळ मैदानांपासून आजच्या मध्य व्हिएतनामपर्यंत. दर हजार ली अंतराला शियाझीची सावली एक त्सुनने बदलते, ही शेकडो वर्षांची समजूत त्या मोजणीने निकालात निघाली. दक्षिणेच्या टोकाला तर सावली चक्क उलट्या बाजूला, दक्षिणेकडे पडली.

यी शिंगच्या मृत्यूनंतर त्याचं पंचांग लागू झालं, तेव्हा गौतम घराण्यातल्या एकाने 733 मध्ये दरबारात तक्रार केली की हे तर आमच्या नवग्रह पंचांगावरून उचललेलं आहे, तेही अर्धवट. नानगोंग युएनेही त्याची री ओढली. दरबाराने वेधशाळेच्या नोंदी काढायला लावल्या. यी शिंगचं पंचांग दहात सात-आठ वेळा बरोबर निघालं, त्याआधीचं तीन-चार वेळा, आणि नवग्रह एक-दोनदा. आपल्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते, पण आकडे असे आहेत.

सम्राट या दिवशी काय करायचा?

पृथ्वीची पूजा. बीजिंगच्या उत्तरेला 'दीतान', म्हणजे पृथ्वीची वेदी आहे, मिंग सम्राट ज्याजिंगने 1530 मध्ये बांधलेली. हिवाळी अयनदिनाला शहराच्या दक्षिणेला आकाशाची पूजा, शियाझीला उत्तरेला पृथ्वीची. आकाशाची वेदी गोल, पृथ्वीची चौकोनी, भोवती पाण्याचा चर. आकाशाकडे विषम संख्या, पृथ्वीकडे सम, फरशा मोजल्या तरी तेच. पर्यटक आकाशमंदिर बघतात आणि परत जातात. दीतान आता बाग आहे, सकाळी म्हातारी मंडळी तिथे व्यायाम करतात.

सगळ्यात मोठा दिवस, मग सणही मोठा का नाही?

कारण चिनी विचारात या दिवसाचा आनंद नाही, थोडी धास्तीच आहे. यांग, म्हणजे उजेड-उष्णता-चढता जोर, आज टोकाला पोचला. टोकाला पोचलेलं पुढे उतरणारच. म्हणून म्हणतात, 'शियाझीला एक यिन जन्मतो'. भर उन्हाळ्यात, कुणाला न दिसता, थंडीचं बी पडतं. यी जिंग या शकुन पाहायच्या जुन्या चिनी ग्रंथात या महिन्याचं चिन्ह सहा रेघांचं आहे: वर पाच अखंड आणि तळाशी एक तुटकी. ती तुटकी रेघ म्हणजे नुकताच आत शिरलेला यिन.

'विधींची नोंद' या ग्रंथात या महिन्याबद्दल सूचना आहेत: यिन आणि यांग झगडत आहेत, तेव्हा शहाण्याने व्रतस्थ राहावं, अंग झाकून घरात बसावं, घाई करू नये. सोंग राजवटीत सरकारी नोकरांना शियाझीला तीन दिवस सुट्टी असे. सुट्टी मिळावी आणि कारण काय, तर शांत बसा! हिवाळी अयनदिनाला उलट: तेव्हा यांग जन्मतो, उजेड वाढू लागतो, म्हणून तो मोठा सण. आपल्याकडेही तसंच की. उत्तरायणाला तिळगूळ, दक्षिणायनाला काही नाही, उलट पुढे चातुर्मासाचे नेमधर्म.

मग लोक करतात काय? निदान खातात तरी काय?

नूडल्स. 'हिवाळ्यात डंपलिंग, शियाझीला नूडल्स' ही उत्तर चीनमधली म्हण. गव्हाची कापणी नुकतीच झालेली असते, नव्या गव्हाचं पीठ आलेलं असतं, त्याचं पहिलं खाणं. बीजिंगमध्ये नूडल्स उकडून लगेच थंड पाण्यातून काढतात, मग वर सोयाबीनच्या आंबवलेल्या गडद चटणीत परतलेलं मांस आणि काकडीचे लांब लांब काप. काकडी चावताना होणारा आवाज हा त्या जेवणाचा अर्धा भाग आहे. नूडल्स लांब, दिवस लांब, असंही कारण सांगतात. मला गव्हाचं कारण जास्त पटतं. दुसरी म्हण: 'शियाझीच्या नूडल्स खाल्ल्या, की दिवस रोज एका धाग्याने आखडतो.'

लियाओ राजवटीत बायका या दिवशी एकमेकींना रंगीत पंखे आणि पावडरीच्या पुरचुंड्या देत. घामोळ्यांचा हंगाम जवळ आल्याची ही सूचनाच म्हणायची.

दक्षिणेत लीची आणि कुत्र्याचं मांस खातात, हे खरं का?

ग्वांगशी प्रांतातल्या युलिन शहरापुरतं खरं. तिथल्या जत्रेला चीनमधूनच मोठा विरोध आहे, आणि शेनझेन शहराने 2020 मध्ये कुत्र्या-मांजराच्या मांसावर बंदी घातली. त्यावरून सगळ्या चीनची शियाझी ठरवू नये.

शियाझी हा सगळ्यात उष्ण दिवस असतो का?

नाही. जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागतो. खरा उकाडा महिन्याभराने. चिन्यांनी तो मोजायची वेगळीच युक्ती काढली. तिचं नाव 'सान फू', तीन दबा. उकाड्यात दबून बसायचे दिवस.

हिशेब असा. चिनी पंचांगात दिवसांचं दहाचं एक चक्र चालतं, त्यातला सातवा दिवस 'गंग'. शियाझीपासून मोजत तिसरा गंग आला की पहिला फू सुरू. चौथ्या गंगला दुसरा. आणि शरदारंभानंतरच्या पहिल्या गंगला तिसरा. 2025 मध्ये शियाझी 21 जूनला होती, गंग दिवस 30 जून, 10 जुलै, 20 जुलै. म्हणून पहिला फू 20 जुलैला. शरदारंभ 7 ऑगस्टला, पुढचा गंग 9 ऑगस्टला, तो तिसरा फू. एकूण 30 दिवस. 2024 मध्ये पहिला फू 15 जुलैलाच लागला, पण शरदारंभानंतरचा गंग 14 ऑगस्टपर्यंत आला नाही, त्यामुळे मधला फू दहाऐवजी वीस दिवसांचा आणि एकूण 40 दिवस. 'यंदा फू चाळीस दिवसांचा' ही तिकडे बातमी होते.

कोरियात हेच तीन दिवस 'साम्बोक', आणि त्या दिवशी आख्खी कोंबडी, पोटात तांदूळ-जिनसेंग भरून, उकळत्या रश्श्यात. सगळ्यात उकाड्याच्या दिवशी सगळ्यात गरम जेवण. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

कोरियात हाजीला काय?

बटाटे. डोंगराळ गांगवोन प्रांतात याच सुमारास नवे बटाटे निघतात, त्यांना 'हाजी-बटाटे'च म्हणतात. तिथली म्हण आहे की हाजी म्हणजे बटाटे काढून खायचा दिवस आणि जवाची साठी. साठी, कारण त्यांच्याकडे साठ वर्षांचं संवत्सरचक्र पुरं झालं की मोठा समारंभ. आपण षष्ट्यब्दी करतो तोच हिशेब. जवाचं आयुष्य संपत आलं, असा अर्थ.

हाजीच्या आत भातलावणी उरकायची. हाजी उलटली तरी पाऊस नसला तर पर्जन्ययाग. आणि पाऊस आला तर, 'हाजीनंतर पाय खाचराच्या मोरीतच' ही म्हण: पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं, यासाठी शेतकरी बांधावरून हलूच शकत नाही. हे वाक्य कोकणातल्या कुणालाही वाचून दाखवा.

जपानमध्ये गेशीला काही विशेष दिसत नाही. का?

कारण तो पावसाळा असतो. सूर्याचा उत्सव आणि सूर्यच गायब. त्यातूनही इसेजवळच्या फुतामी इथे गेशीच्या पहाटे लोक पांढऱ्या कपड्यांत समुद्रात उतरून स्नान करतात. समोर दोन खडक आहेत, गवताच्या जाड दोराने एकमेकांना बांधलेले, 'नवरा-बायको खडक'. आभाळ मोकळं असेल तर सूर्य त्या दोघांच्या मधून वर येतो.

जपानची खरी गंमत गेशीनंतर अकरा दिवसांनी येते, 2 जुलैच्या आसपास. त्या दिवसाचं नाव 'हांगेशो', एका औषधी कंदाला कोंब फुटतो तो दिवस. लावणीची ही शेवटची मुदत. 'हांगेनंतर लावलंत तर अर्धंच पीक' असं म्हणतात. त्या दिवशी आभाळातून विष पडतं, म्हणून विहिरी झाका, भाजी खुडू नका, असाही समज होता. लावणी करून पाठीचा काटा मोडलेल्या माणसांना विश्रांती देण्याची ही पद्धत असावी असा माझा तर्क. देवाचं किंवा विषाचं नाव घेतल्याशिवाय शेतकरी कुठे बसतो?

खाणं गावागणिक. ओसाकाकडे ऑक्टोपस, त्याच्या पायांसारखी भाताची मुळं जमिनीला घट्ट धरोत म्हणून. फुकुईच्या ओनो भागात आख्खा बांगडा भाजून. कागावात उदोन नूडल्स.

ड्रॅगन बोट उत्सव म्हणजेच शियाझी का?

नाही. तो पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला असतो, त्यामुळे मेअखेरपासून जूनअखेरपर्यंत हिंडतो: 2023 मध्ये 22 जून, 2025 मध्ये 31 मे. पण दोघांची सरमिसळ जुनी आहे. बांबूच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे पुडे आज ड्रॅगन बोटीचा पदार्थ मानतात. जुन्या नोंदींत ते शियाझीलाही खाल्ले जात. तिथीच्या सणाने सूर्याच्या सणाचा फराळ पळवला, असं म्हणता येईल.

शियाझीला हरणांची शिंगं गळतात, हे पंचांगात छापलेलं असतं?

हो. प्रत्येक टप्प्याचे पाच-पाच दिवसांचे तीन भाग, वर्षाचे 72, आणि प्रत्येकाला निसर्गातली एक खूण. शियाझीच्या तीन: हरणाची शिंगं गळतात, सिकाडा किडे ओरडू लागतात, हांगे (हांगेशोवाला तोच औषधी कंद) उगवतो. हिवाळ्यात दुसऱ्या जातीच्या हरणाची शिंगं गळतात असं लिहिलेलं होतं. चिंग सम्राट छ्येनलोंगला शंका आली, त्याने बीजिंगच्या दक्षिणेकडच्या शाही शिकारवनात माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि पंचांगात प्राण्याचं नाव बदलायला लावलं. जपानमध्ये शिबुकावा शुनकाई याने 1685 च्या पंचांगाच्या वेळी यातल्या बऱ्याच खुणा बदलून जपानी हवामानाला जुळतील अशा केल्या. तिथे हरणाच्या जागी एक रानटी झुडूप सुकतं, सिकाडाच्या जागी आयरिस फुलतात.

आपली मकर संक्रांत 21 डिसेंबरवरून 14 जानेवारीला सरकली. मग चिनी टप्पे का सरकले नाहीत?

कारण ते ताऱ्यांना बांधलेले नाहीत. त्यांचा शून्यबिंदू सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्याला बांधलेला आहे, म्हणजे सायन. आपल्या संक्रांती ताऱ्यांच्या सापेक्ष, निरयन. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे या दोन हिशेबांत साधारण 71-72 वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. सुमारे 1,700 वर्षांत ते चोवीस दिवसांवर गेलं. म्हणून दक्षिणायन सुरू होतं 21 जूनला, आणि कर्क संक्रांत मात्र 16 जुलैला.

सूर्याचा आर्द्रा-प्रवेश आज शियाझीच्या जवळ पडतो तो निव्वळ योगायोग. हजार वर्षांपूर्वी तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पडायचा, हजार वर्षांनी जुलैत पडेल. भारताचं 1957 चं राष्ट्रीय पंचांग मात्र सायन आहे. त्याचा आषाढ दर वर्षी 22 जूनला सुरू होतो, अयनदिनाच्या दुसऱ्या दिवशी. सरकारी पत्रावरच्या त्या दुसऱ्या तारखेकडे कुणी बघत नाही, पण ती चिनी पद्धतीच्या सगळ्यात जवळची आहे.

21 जूनला सूर्योदय सगळ्यात लवकर होतो ना?

नाही. मुंबईत सगळ्यात लवकर सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्यात उशिरा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दोघांतलं अंतर जास्तीत जास्त असतं ते 21 जूनला, सव्वातेरा तासांच्या आसपास. बीजिंगमध्ये ते 15 तास, आणि चीनच्या उत्तर टोकाला, मोहमध्ये, जवळपास 17.

घरी सावली मोजून बघायची असेल तर?

एक मीटरची सरळ काठी, ओळंबा लावून गच्चीवर उभी करा. पुण्यात खरी दुपार त्या दिवसांत घड्याळात साडेबारानंतर पाच-सहा मिनिटांनी होते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सावली उत्तरेकडे नाही तर दक्षिणेकडे पडेल, यी शिंगच्या माणसांनी व्हिएतनामात पाहिली तशी. पुण्यात ती साडेआठ सेंटिमीटर, मुंबईत साडेसात, नागपुरात चारच, पणजीत चौदा.

अडचण एकच, ढग. मी सलग तीन वर्षं 21 जूनला काठी घेऊन गच्चीवर गेलो आणि तिन्ही वेळा वाळत घातलेले कपडे घेऊन खाली आलो. नंतर लक्षात आलं की तारखेचा हट्ट धरायचं कारणच नाही. अयनदिनाजवळ सूर्य जवळजवळ थबकलेला असतो. चार दिवस इकडेतिकडे झाले तरी मीटरभर काठीच्या सावलीत फरक पडतो तो एखाद्या मिलिमीटरचा. तेव्हा 17 ते 25 जूनमध्ये ज्या दुपारी ऊन पडेल, त्या दुपारी वर जा. पट्टी आधीच काठीच्या पायाशी ठेवून द्या, ती शोधायला खाली आलात की ढग येतो.